आधी सूत, मग ससा : गोव्यातून अंगोराच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांसाठी

गोव्यात राहून अंगोराची, म्हणजे ज्याच्या लांब मऊ केसांचं सूत कातलं जातं त्या सशाची, आवड लागलेल्या कुणी विचारलं की स्पर्धेसाठी सुरुवात कुठून करू, तर मी एकच सांगते : आधी सूत, मग ससा. म्हणजे आधी कातलेल्या सुताच्या स्पर्धा, सशाचं प्रदर्शन नंतर. बहुतेकांना हे उलटं वाटतं. ससा आणायचा, वाढवायचा, त्याचे केस काढायचे, मग ते कातायचे, हा क्रम कुणालाही सरळ वाटेल. हिमाचलातल्या कुल्लूत तो सरळ आहेही. गोव्यातल्या डिचोलीत नाही.

माझी सुरुवात सशापासूनच झाली होती. ओळखीतून पांढऱ्या अंगोराची जोडी मिळाली, ती डिसेंबरात घरी आली. थंडीत दोघं छान रमली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मादी गेली आणि मे उजाडायच्या आत नरही. पिंजरा आंब्याच्या सावलीत होता, पाणी भरलेलं होतं, पंखा चालू होता. तेवढं पुरेल असं मला वाटलं होतं. पुरलं नाही, आणि ते का पुरलं नाही हे नव्या माणसाला सशाला हात लावायच्या आधी कळलं पाहिजे.

सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. 15 ते 21 अंश सेल्सिअस ही त्याच्या सुखाची हवा. पारा 30 च्या वर गेला की साध्या सशालाही त्रास सुरू होतो, आणि अंगोराच्या अंगावर तर दोन ते पाच इंच लांबीचं दाट पांघरूण असतं. पंख्याचा वारा त्या केसांतून कातडीपर्यंत पोचतच नाही. भरीला आपल्याकडची दमट हवा. धापा टाकून उष्णता बाहेर काढायची तर हवा कोरडी लागते, आणि मे महिन्यात इथे वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलसर लागतो.

म्हणून हिशेब स्पष्ट ठेवा. मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात रात्रंदिवस थंड ठेवता येईल अशी एक खोली, पावसाळ्यात वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि उन्हाळाभर केस बारीक कातरून ठेवायची तयारी, हे तिन्ही असेल तरच अंगोरा आणा. चोर्ला घाटाच्या बाजूला हवा थोडी गार असते म्हणून तिकडे पिंजरे टाकू म्हणणारेही भेटतात, पण तिथला पाऊस आणि धुकं केसांत अशी ओल धरतं की कातडीला बुरशी लागते. ससा आडवा पसरून धापा टाकतोय, नाक-तोंड ओलं झालंय, कान लाल आणि तापलेले आहेत, असं दिसलं तर त्याला ताबडतोब गार जागी न्या, कान साध्या गार पाण्याने ओले करा (बर्फाने नाही) आणि डॉक्टरांना गाठा. हा उष्माघात असतो, वाट बघत बसायची वेळ नसते.

आता गंमत अशी की जी हवा सशाला मारते तीच कातणाऱ्याला साथ देते. अंगोराचा केस कोरड्या हवेत विजेने भारला जातो, उभा राहतो, बोटांपासून पळतो. थंड, कोरड्या प्रदेशातले कातणारे त्यावर पाण्याचा फवारा मारत बसतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती कटकट फारशी नसते. चवथीच्या आधीचे पावसाळी दोन महिने मी सर्वात जास्त सूत कातते.

केस कुठून आणि कसे घ्यायचे

भारतात अंगोराचं काम मुख्यतः हिमालयाच्या पायथ्याशी आणि वर होतं. केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं मुख्यालय राजस्थानात अविकानगरला आहे, पण तिचं कुल्लूजवळ गडसा इथलं केंद्र अंगोरा सशांवर काम करतं. त्या भागातल्या पाळणाऱ्यांकडून, सहकारी गटांकडून केस मिळतात. पणजीला लोकोत्सव भरतो तेव्हा परप्रांतातले कारागीर येतात. त्यांत उत्तरेकडचे लोकरवाले दिसले तर थांबून बोला, ओळख करून घ्या. एकदा ओळख झाली की टपालाने 100 ग्रॅम मागवणं सोपं जातं.

विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. केस उपटलेले की कातरलेले? लांबी किती? ससे कसे ठेवता?

पहिल्या प्रश्नाला अर्थ आहे. इंग्लिश आणि फ्रेंच जातीच्या अंगोराचे केस साधारण तीन-चार महिन्यांनी आपोआप सुटायला लागतात. तेव्हा ते हलक्या हाताने ओढले की निघतात, सशाला इजा होत नाही. अशा केसाचं टोक निमुळतं असतं आणि सुतावर ते मऊ धुक्यासारखं फुलतं. जर्मन अंगोराचे केस असे गळत नाहीत, ते 75 ते 90 दिवसांनी कातरावेच लागतात. आपल्याकडे मिळणारा बराचसा माल जर्मन जातीचा असतो. त्यात दोष काही नाही, मात्र कातरताना एकाच जागी दोनदा कात्री चालली की बारीक तुकडे पडतात. ते वेचले नाहीत तर सुतात गाठी येतात.

तिसरा प्रश्न लाजत विचारू नका. 2013 साली चीनमधल्या काही फार्मवर जिवंत, ओरडणाऱ्या सशांचे केस ओरबाडून काढतानाची दृश्यं जगभर पोचली आणि अनेक मोठ्या कपडे कंपन्यांनी अंगोरा घेणं थांबवलं. तो राग योग्यच होता. ज्याचा ससा कातरणीच्या वेळी मांडीवर शांत बसतो, त्याच्याकडूनच केस घ्या. चांगला पाळणारा फोटो मागितल्यावर रागावत नाही, उलट चार जास्तच पाठवतो.

लांबी किमान 5 सेंटिमीटर असू द्या. माल आला की काळ्या कापडावर पसरा. पांढऱ्यात पांढरा दोष दिसत नाही, काळ्यावर सगळं उघडं पडतं : गवताची काडी, कोंडा, गुंतलेली चकती, पिवळट डाग. तीन ढीग करा. लांब आणि स्वच्छ केस स्पर्धेसाठी, मध्यम मिश्रणासाठी, आणि गुंतलेले उशीत भरायला. मेंढीच्या लोकरीसारखी चरबी अंगोराच्या केसात जवळजवळ नसते, म्हणून कातण्याआधी धुवायची गरज नाही. धुतलेत तर घट्ट गोळा होण्याची भीती मात्र आहे.

टकळीवरून सुरुवात

चरखा नसला तरी अडत नाही. आपल्याकडे शाळेत सूतकताईच्या तासाला जी पितळी चकतीची टकळी असायची, तीच अंगोराला उत्तम. कापसाचा तंतू आखूड आणि बारीक, अंगोराचाही केस बारीक, साधारण 11 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). टकळीचं टोक वाटीत टेकवून फिरवा म्हणजे तिचं वजन कच्च्या सुतावर येत नाही. लोंबकळत्या जड टकळीने नवख्याचं अंगोरा हमखास तुटतं. पेटी चरखा घरात पडून असेल तर तोही काढा. त्याची चाती (सूत गुंडाळणारी काडी) भराभर फिरते, आणि अंगोराला नेमकं तेच हवं असतं, कारण पीळ जास्त लागतो.

पीळ का जास्त? मेंढीच्या लोकरीला नैसर्गिक कुरळेपणा असतो, तंतू एकमेकांत अडकतात. अंगोराचा केस सरळ आणि गुळगुळीत. पीळ कमी पडला तर सूत दिसायला छान, पण ओढलं की घरंगळून सुटतं आणि विणलेल्या कपड्यातून केस गळत राहतात. अंगोराचे केस गळतातच अशी तक्रार आपण ऐकतो, तिच्यामागे बऱ्याचदा कमी पीळच असतो. कातताना तो जरा जास्त झाला असं वाटलं पाहिजे. धुतल्यावर आणि वापरल्यावर वरचं धुकं फुलतं आणि आतला पीळ झाकला जातो.

पहिले दोन आठवडे शुद्ध अंगोरा कातूच नका. 70 भाग मऊ मेंढीची लोकर आणि 30 भाग अंगोरा हातपिंजणीवर एकत्र पिंजून पेळू (कातायच्या सैल वळकट्या) करा आणि ते काता. हात बसला की शुद्ध अंगोराकडे वळा, आणि तेव्हा मात्र पिंजू नका. चांगले लांब केस पिंजले की तुटतात. झुपका जसा सशाच्या अंगावरून निघाला तसाच, सगळी टोकं एका दिशेला ठेवून, तर्जनीवर घडी घालून बाजूने ओढत काता.

पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर अर्धा माल छताला जातो. म्हणून पहाटेची वेळ धरा. हात घामेजले की केस बोटाला चिकटून सूत जाडं-बारीक होतं. जवळ सुती पंचा ठेवा, पावडर लावू नका, ती सुतात जाते आणि वासाने ओळखू येते. अंगावर गडद रंगाचं फडकं घ्या. सुकी मासळी ठेवलेल्या खोलीत हे काम करू नका, केस वास धरून ठेवतात.

एक पदर, म्हणजे एकेरी धागा, भरला की दुसरा भरा, मग दोन्ही एकत्र उलट दिशेने पिळा. स्पर्धेत दोन पदरी सुताला नवख्याने प्राधान्य द्यावं असं माझं मत आहे. एकेरी सूत दिसतं नाजूक, पण त्यातली प्रत्येक चूक उघडी राहते. दोन पदरांत एकाचा बारीकपणा दुसरा सावरून घेतो. पीळ समतोल झाला का हे बघायला लडी उतरवून हातात सैल लोंबू द्या. स्वतःभोवती गुंडाळली गेली तर कुठल्यातरी बाजूचा पीळ जास्त आहे. धुतल्यावर बराच फरक पडतो, म्हणून अंतिम निकाल धुतल्यानंतरच द्या.

धुणं हीसुद्धा कातण्याची पायरी आहे. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून लडी दहा-पंधरा मिनिटं बुडवा. मग गरम आणि गार पाण्यातून दोन-तीनदा काढा. इतर लोकरीला आपण असं करत नाही, पण अंगोराला हा धक्का दिला की केस एकमेकांना किंचित धरतात आणि गळणं कमी होतं. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, लडी दोन्ही हातांत ताणून धरा आणि ओट्याच्या कडेवर चार-पाचदा सपासप आपटा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण याच आपटण्याने धुकं वर येतं. सावलीत वाळवा, खाली वजन टांगू नका.

लडी मांडणं आणि पाठवणं

हातकताईच्या लडीची परीक्षा साधारण सारखीच असते, मग ती अमेरिकेत मेरीलँडच्या मे महिन्यातल्या मेंढी-लोकर महोत्सवातली असो की एखाद्या छोट्या मेळाव्यातली. परीक्षक जाडी सगळीकडे सारखी आहे का बघतात, पीळ आणि पदरांचा मेळ बघतात, स्वच्छता, मांडणी, आणि सूत ज्या कामासाठी म्हणून दिलंय त्याला ते शोभतं का, हेही बघतात. याहून वेगळ्या स्पर्धाही आहेत. ऑस्ट्रेलियात टास्मानियातल्या बॉथवेल गावी 10 ग्रॅम लोकरीतून कोण सर्वात लांब सूत काढतो याची चुरस लागते. ते वाचून उगाच घाबरू नका, तो निराळाच खेळ आहे.

नियमपत्रिका दोनदा वाचा. शुद्ध अंगोराचा वर्ग आणि मिश्रणाचा वर्ग बहुधा वेगळे असतात, आणि मिश्रणात अंगोरा किमान किती हवा तेही लिहिलेलं असतं. किमान वजनाची अट पुष्कळ ठिकाणी एक औंस, म्हणजे सुमारे 28 ग्रॅम, असते. मी 30 ग्रॅमखाली लडी पाठवतच नाही. सूत फाळक्यावर (लडी करायच्या चौकटीवर) गुंडाळा आणि वेढे मोजा. फाळक्याचा घेर दीड मीटर असेल आणि 80 वेढे झाले तर 120 मीटर. 30 ग्रॅमला 120 मीटर म्हणजे ग्रॅममागे 4 मीटर, हा आकडा चिठ्ठीवर लिहायचा. मोजणी धुऊन वाळल्यावर करा, आधी केलीत तर लांबी चुकते.

लडीला चार ठिकाणी बांधा. बंध इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा सुतातून आतबाहेर घालायचा, सैल ठेवायचा, आणि दोरा रंग न सुटणारा सुती घ्यायचा. चिठ्ठीवर केस कुठल्या जातीच्या सशाचा, उपटलेला की कातरलेला, मिश्रण किती, टकळी की चरखा, पदर किती, लांबी, वजन आणि सुताचा उपयोग लिहा. उपयोगाच्या रकान्यात 'काहीही' असं लिहू नका. अंगोराचं सूत ताणलं की पुन्हा आखडत नाही, मोज्याच्या काठाला ते शोभणार नाही. मफलर, बाळाची टोपी, गळ्याची किनार असं नेमकं लिहा. परवानगी असेल तर 10 सेंटिमीटरचा विणलेला चौकोन जोडा. परीक्षकाला त्यातून सुताचा पूर्ण स्वभाव कळतो.

मी पहिली लडी जूनमध्ये टपालाने पाठवली. ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद केली, वरून चिकटपट्टी. परत आलेल्या कार्डावर परीक्षकाने कताईला चांगले गुण दिले होते आणि खाली लिहिलं होतं : कुबट वास. हाताला कोरडी लागणारी लडी आतून ओलसर होती, आणि प्लास्टिकने ती ओल दहा दिवस कोंडून ठेवली होती. तेव्हापासून पावसाळ्यात लडी तांदळाच्या डब्याजवळच्या उबदार फडताळात तीन दिवस राहते, मग सुती पिशवीत, मग सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पत्र्याच्या डब्यात. कसरीसाठी, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीसाठी, वाळलेला कडुलिंब चालतो. डांबरगोळी नको, तिचा वास जात नाही आणि त्याचेही गुण कापले जातात. परदेशात पाठवताना आयोजकांना आधी विचारा की प्राणिजन्य धाग्याला तिथे काय कागद लागतो. न धुतलेले कच्चे केस कधीच पाठवू नका.

आता ससा

सुताच्या दोन-तीन स्पर्धा झाल्या, थंड खोलीची सोय झाली, तरीही प्रदर्शनाची रीत शिकायला मी आधी आखूड केसांचा ससा घ्यायला सांगते. न्यूझीलंड व्हाइट बरा. नाव न्यूझीलंडचं, पण जात घडली अमेरिकेत. तोही उन्हाळ्यात जपावाच लागतो, पण अंगोराइतका नाही. तामिळनाडूत कोडईकनालजवळ मन्नवनूरला याच लोकर संशोधन संस्थेचं दक्षिणेतलं केंद्र आहे, तिथे व्हाइट जायंट आणि सोव्हिएत चिंचिला या जाती ठेवलेल्या आहेत. सत्तरीच्या रानातला ससा मात्र घरी आणू नका. तो वेगळा प्राणी आहे, त्याला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, आणि पिंजऱ्यात तो जगतही नाही.

सशांच्या नियमबद्ध प्रदर्शनांची परंपरा मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटनची. अमेरिकेतली ससे पाळणाऱ्यांची मोठी संघटना 1910 पासून आहे, आणि ती अंगोराच्या इंग्लिश, फ्रेंच, जायंट आणि सॅटिन या चार जाती मानते. जर्मन अंगोरा त्या यादीत नाही. तिथे सशाच्या डाव्या कानात मालकाच्या खुणेचा आकडा गोंदलेला लागतो, उजवा कान संघटनेच्या नोंदणीसाठी मोकळा ठेवतात. ब्रिटनमध्ये गोंदण्याऐवजी पायात कडं असतं. आपल्याकडच्या कृषी प्रदर्शनात किंवा पाळीव प्राण्यांच्या मेळाव्यात ससा मांडायचा असला तरी हेच निकष शिकून जा.

अंगोराच्या 100 गुणांतले निम्म्याहून जास्त गुण केसांचे : दाटपणा, पोत आणि लांबी. म्हणून सगळं गणित तारखेचं आहे. केस काढल्यावर पुन्हा ऐन भरात यायला साधारण तीन ते साडेचार महिने लागतात, त्यानंतर ते गळू लागतात. प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटे मोजत या आणि कातरणीचा दिवस ठरवा. गोव्यात हे गणित फक्त जानेवारी-फेब्रुवारीच्या प्रदर्शनालाच बसतं. त्यासाठी सप्टेंबरात कातरायचं, आणि मधला ऑक्टोबर थंड खोलीत काढायचा.

केस विंचरून विंचरून तुटतात, दाटपणा जातो. पाळणारे त्याऐवजी गार हवेचा झोत वापरतात. केस सुकवायच्या यंत्राचं गरम बटण बंद ठेवून, कातडीपासून बाहेर जाईल असा झोत आठवड्यातून दोनदा द्या. गुंता दिसला तर बोटांनी सोडवा. आंघोळ घालायची नाही.

खाण्यात वाळलेलं गवत सतत समोर हवं, पेंडीपेक्षा ते महत्त्वाचं. ससा अंग चाटताना केस गिळतो आणि त्याला उलटी करता येत नाही. गवताच्या काडीमुळेच पोट चालतं राहतं. लेंड्या लहान झाल्या किंवा केसाने माळेसारख्या ओवलेल्या दिसल्या तर ती पहिली सूचना आहे. केस उतरवा, गवत वाढवा. खाणं किंवा लेंड्या बंद झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टर. पावसाळ्यात गवताला काळी बुरशी येते, तसं गवत जनावराला घालू नका.

रोज पाच मिनिटं टेबलावर गालिच्याचा तुकडा टाकून सशाला बसवा. पुढचे पंजे डोळ्यांच्या खाली, मागचे पाय कमरेखाली, शेपूट मोकळी. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, कान धरून कधीही नाही. त्याला उताणं करून दात, नखं, कान आणि लिंग तपासायची सवय लावा, कारण परीक्षक हेच करणार. वाढलेले वेडेवाकडे दात, वाहतं नाक, कानातली खरूज, तळव्याची जखम, चुकीचं नोंदवलेलं लिंग, वजनाची मर्यादा ओलांडणं यातलं काहीही असलं की ससा बाद होतो. इंग्लिश अंगोराच्या प्रौढाची कमाल मर्यादा साडेसात पौंड, म्हणजे सुमारे 3.4 किलो.

प्रवास पहाटे. जाळीच्या तळाची पेटी घ्या म्हणजे लघवी केसांना लागत नाही, आणि गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवा. तिथला पाण्याचा बदल काही ससे स्वीकारत नाहीत, घरचं पाणी बरोबर न्या. परीक्षक बोलत असताना टेबलाजवळ उभे राहा आणि प्रत्येक शब्द लिहून घ्या, दुसऱ्यांच्या सशांबद्दलचेसुद्धा. सगळ्यात जास्त मी तिथे शिकले.

घरी परतल्यावर त्या सशाला किमान दोन आठवडे इतरांपासून वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याचं खाणंपाणी सगळ्यात शेवटी करा. परत आलेली लडीही थेट कपाटात नको. ती बंद पिशवीत घालून तीन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे दुसऱ्यांच्या लोकरीतून आलेली कसर मरते. बाहेर काढल्यावर ती पिशवीसकट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. नाहीतर आपल्या हवेत तिला लगेच दव धरतं.